टोपलीला बूड हवं

आमच्या विद्यापीठाने मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास सांगणारी एक देखणी पुस्तिका काढली आहे. गुळगुळीत कागद, करंडकांचे फोटो, आणि सुरुवातीलाच माझा एक असा फोटो, की मी कुणाला तरी आत्ताच वर्गाबाहेर उभं केलं असावं. पुस्तिकेत एक वाक्य आहे. चेंडू जाळीतून खाली आला की तो जमिनीला न लागू देता ओंजळीत झेलायचा, ही आमच्या संघाची खास पद्धत शास्त्रशुद्ध असून परदेशी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातून आली आहे, असं त्यात म्हटलं आहे.

त्या तज्ज्ञाला मी ओळखत होते. त्याचं नाव सोमा. तो जामसरला राहायचा आणि टोपल्या विणायचा. परदेश म्हणाल तर जव्हार संस्थानची हद्द ओलांडून तो मोखाड्याच्या बाजाराला जायचा, आणि मोखाडा तेव्हा इंग्रजांच्या मुलखात होता. त्या हिशोबाने पुस्तिका अगदीच खोटं बोलत नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विद्यापीठातल्या मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास लिहायला सांगितलं आहे. कोणत्या साली कोणता करंडक आला ते कपाटात बघून घ्या, कपाटाची किल्ली शिपायाकडे असते. मी जव्हारचं सांगणार आहे, कारण ते कपाटात नाही.

मी पुण्याला विद्यापीठात शिकत होते तेव्हा हा खेळ नुकताच आला होता. आम्ही नऊवारीचा काष्टा घट्ट मारून खेळायचो आणि भिंतीपलीकडून लोक डोकावायचे. आम्हाला शिकवायच्या वत्सलाबाई. आवाज असा, की शिट्टी त्यांनी केवळ शोभेसाठी गळ्यात घातली आहे असं वाटावं. मला जव्हार संस्थानातल्या मुलींच्या शाळेत ड्रिलबाईची नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जा. जंगलात जाऊन मुलींना डोक्यावर टोपली घ्यायला शिकव." त्यांनी ते थट्टेने म्हटलं होतं. मी मात्र ते मनात धरून ठेवलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानाच्या दोन टोकांना उंचावर एकेक टोपली. चेंडू एकच. आपण तो त्यांच्या टोपलीत टाकायचा आणि त्यांना आपल्या टोपलीत टाकू द्यायचा नाही. बायकांच्या नियमात तेव्हा मैदानाचे रेघा मारून तीन भाग करत आणि जिने तिने आपल्याच भागात राहायचं असे. म्हणजे धावण्यापेक्षा चेंडू अचूक देण्याला महत्त्व. टोपलीत चेंडू पडला की तो पुन्हा मधल्या भागात नेऊन पंच उंच उडवायचे आणि खेळ सुरू व्हायचा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जव्हारच्या शाळेचे हेडमास्तर फार सज्जन गृहस्थ होते. उपरणं, पगडी आणि प्रत्येक नव्या गोष्टीकडे चष्म्याच्या वरून पाहण्याची सवय. मी खेळ समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "टोपलीत टाकलेला चेंडू पुन्हा काढायचाच असेल, तर मुळात टाकायचा कशाला?" 

दुसरी अडचण चामड्याची. चेंडू चामड्याचा, आणि शाळेत कारकुनांच्या, भिक्षुकांच्या लेकी. हेडक्लार्कच्या यमूच्या घरून निरोप आला की मुलगी चामड्याला हात लावणार नाही. हेडमास्तरांनी दोन दिवस विचार करून तोडगा काढला. रोज खेळाआधी चेंडूवर तुळशीपत्राने पाणी शिंपडायचं. मग तो शुद्ध. यमूच्या घरच्यांना ते पटलं. माझ्या चेंडूएवढा पवित्र चेंडू त्या काळात जगात दुसरा नसेल. त्याची शिवण मात्र रोजच्या पाण्याने सैल झाली.

राहिल्या टोपल्या. लोखंडी कड्या आणि जाळ्या मुंबईहून मागवायच्या तर दरबारची मंजुरी हवी, आणि मंजुरी येईपर्यंत मुली आज्या झाल्या असत्या. म्हणून मी सोमाला बोलावलं. वाळकासा, काटक माणूस, कमरेला कोयता, बोलणं मोजकं. त्याच्या टोपल्या साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. मी म्हटलं, "दोन टोपल्या हव्यात, पण बूड नको. वरून घातलेलं खालून पडलं पाहिजे."

सोमाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला भाताच्या भांड्याला भोक हवंय.

"बिगर बुडाची टोपली नाय इनत आमच्यात," तो म्हणाला.

"का?"

"नाय इनत."

"अरे, पण त्यात धान्य नाही ठेवायचं. चेंडू टाकायचा आहे."

"नाय इनत आमच्यात."

यापलीकडे कारण नाही. पुढे कळलं, की बूड नसलेली टोपली घरात आली की त्या घरचा दाणा टिकत नाही, असं ते लोक मानत. पण सोमाने ते मला सांगितलं नाही. आमच्यात नाही म्हटलं की त्याच्या दृष्टीने सांगायचं ते सांगून झालं होतं.

आठ दिवसांनी तो टोपल्या घेऊन आला. सुरेख विणलेल्या, गोल, आणि बूड घट्ट. म्हणाला, "बाय, ह्या टांग. पन कापाच्या नाय. कापाच्या असल त आताच परत नेतू."

मी म्हटलं, "नाही कापणार."

"सबूद?"

"शब्द."

अशा रीतीने आमचा खेळ बूड असलेल्या टोपलीत सुरू झाला. चेंडू आत पडला की आतच राहायचा. मग एका मुलीने शिडी लावायची, वर चढायचं, चेंडू काढायचा, खाली उतरायचं. तोवर बाकीच्या साऱ्या जणी मैदानात जिथल्या तिथे उकिडव्या बसायच्या. कुणी पाणी प्यायची, कुणी वेणी सारखी करायची, आणि मी माझं भाषण उरकून घ्यायची. शिडीचा मान यमूकडे होता. वरून सारं गाव दिसायचं आणि यमूला गावातलं सगळं कळायला हवं असायचं. चेंडू काढायला जितका वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट ती वर असायची. "बाई, तहसीलदारांकडे पाहुणे आलेत," असं वरूनच सांगायची.

आमच्या संघातली खरी खेळाडू होती बुधी. साखरशेतची, भात-नागली पिकवणाऱ्या घरातली. मावशी जव्हारला एका घरी कामाला होती, तिच्याकडे राहून शाळेत यायची. उंच, सडसडीत, बोलणं सोमासारखंच मोजकं. संस्थानच्या डोंगरातल्या पोरी तेव्हा शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बुधीला मास्तरीण व्हायचं होतं. साखरशेतला शाळा नव्हती, ती तिला हवी होती, आणि दुसरं कुणी काढेल असं तिला वाटत नव्हतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही चेंडूत हवा भरताना, माझ्याकडे न बघता.

आवणी सुरू झाली आणि बुधी शाळेतून नाहीशी झाली. आवणी म्हणजे भाताची लावणी. आठ दिवस वाट पाहून मी साखरशेतला गेले. बुधी बांधावर उभी होती. चिखलात बायकांची ओळ वाकून रोपं लावत मागे सरकत होती, आणि बुधी बांधावरून रोपांच्या जुड्या फेकत होती. ज्या बाईची जुडी संपत येई तिच्या डाव्या हाताशी दुसरी जुडी अलगद येऊन पडायची. बाई मान वर करत नव्हती, मागत नव्हती. चिखलाचा शिंतोडा कुणाच्या अंगावर उडत नव्हता. वत्सलाबाईंनी दोन वर्षं घसा फोडून आम्हाला जे शिकवलं, ते ही पोर बांधावर उभी राहून करत होती.

मी बुधीच्या आईशी बोलायला गेले. ती ओळीत होती. म्हणाली, "बोल, बाय. पन हात रिकामा नको. आवणीत रिकामा मानूस बरा नाय." मग मी काष्टा खोचून चिखलात उतरले आणि बोलत बोलत रोपं लावली. माझी ओळ सापासारखी वाकडी गेली. साऱ्या बायका हसल्या. पुढे कितीतरी वर्षं साखरशेतला वाकड्या लावणीला 'पुण्याची आवणी' म्हणत.

"तिला शाळेत पाठवा," मी म्हटलं. "पुढे शिकली तर मास्तरीण होईल."

"पुढं म्हंजे कठं?"

ते मलाही माहीत नव्हतं. जव्हारला मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती. मी पुण्याला वत्सलाबाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की विद्यापीठाच्या वसतिगृहात खेळाडू मुलीसाठी एक मोफत जागा आहे, पण मी मुलगी पाहिल्याशिवाय कुणाला घेत नाही. पौषात आमच्या मुलींची सहल त्र्यंबकला येणार आहे, तिथून मोटारीने जव्हारला येऊ. एक सामना ठेव. बघू तुझ्या टोपल्या.

बुधीच्या आईने ते ऐकून सरळ सांगितलं, "मोखाड्याकडची मागनी आहा. बरी मानसा आहात. पुन्याची बाय नेल त मी आडवी येनार नाय. नाय नेला त होळीनंतर लगीन." त्यात राग नव्हता, घाईही नव्हती. बुधी ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "कवा येल ती बाय?"

पौष आला. भात झोडून झालं होतं, लोकांना सवड होती. सामन्याच्या सकाळी मी मैदानात गेले आणि वर टांगलेल्या दोन टोपल्यांकडे पाहिलं. आणि मला वत्सलाबाईंचा आवाज ऐकू आला. डोक्यावर टोपली घ्यायला शिकव. आता त्या येणार, त्यांच्या मुली येणार, पुण्यात जाऊन सांगणार की जव्हारला चेंडू काढायला शिडी लावतात. मला लाज वाटली. स्वतःची नव्हे, जव्हारची, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते. मी शिडी लावली, शाळेच्या माळ्याचा कोयता घेतला आणि दोन्ही टोपल्यांची बुडं कापली. मुलींना काही सांगितलं नाही. म्हटलं, चेंडू खाली पडलेला पाहून पोरी खूशच होतील, शिडीचा त्रास वाचला.

दुपारी सारं गाव जमलं. डोंगरातले लोकही आले होते. बुधीची आई फडक्यात नागलीची भाकरी बांधून आली होती. सोमा कुंपणाशी उभा होता. वत्सलाबाई स्वतः पंच झाल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उंच आहे तीच ना? बघते." मी बुधीला बजावलं, "आज टोपलीत टाकत राहा. बाईंना दिसलं पाहिजे." बुधीने मान हलवली.

डाव सुरू झाला. पहिल्याच झटक्याला चेंडू बुधीकडे आला, तिने टाकला, आणि तो टोपलीत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेंडू टोपलीतून सुटून धप्पकन जमिनीवर पडला.

आणि आमच्या साऱ्या मुली सवयीने उकिडव्या बसल्या. यमूने शिडी लावली आणि ती ऐटीत वर चढली.

वत्सलाबाईंनी चेंडू उचलला, मधल्या भागात नेला आणि शिट्टी वाजवली. चेंडू वर उडाला. पुण्याच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, मग आमच्या बसलेल्या मुलींकडे पाहिलं, आणि आरामात जाऊन आमच्या टोपलीत चेंडू टाकला. यमू तोवर रिकाम्या टोपलीत वाकून पाहत होती. वरून तिने सगळ्या गावाला सांगितलं, "बाई, चेंडू नाहीये."

लोक इतके हसले की तहसीलदारांची पगडी हलली. मी ओरडून मुलींना उठवलं. दोन वर्षं मी त्यांना चेंडू पडला की बसायचं हेच शिकवलं होतं, आणि एका सकाळीत ते विसरा म्हणून मनातल्या मनात सांगून मोकळी झाले होते. बोल कुणाला लावायचा?

यमू खाली उतरली, मुली सावरल्या, खेळ मार्गी लागला. पण बुधी टोपलीत टाकेना. चेंडू तिच्या हातात यायचा, समोर टोपली मोकळी असायची, आणि ती चेंडू दुसरीला द्यायची. पुन्हा यायचा, पुन्हा द्यायची. ज्या मुलींना तो द्यायची त्यांना टोपली कुठे आहे तेही नीट ठाऊक नव्हतं. पुण्याच्या टोपल्या वाढत गेल्या. वत्सलाबाईंचा चेहरा नेहमीसारखा दगडी. मी रेघेपाशी जाऊन बुधीला हाक मारली.

"टाक ना गं! काय झालं तुला?"

"टोपलीला बूड नाय, बाई."

"मग?"

"टाकू कसा? दाना जाल घरचा."

"दाणा कुठला? चेंडू आहे तो!"

बुधीने वर टोपलीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "टोपलीला काय ठावं?"

 होळीनंतर तिचं लग्न होणार होतं, एका डावावर तिचा सारा जन्म टांगलेला होता, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी ती टाकत नव्हती. समोर तिची आई बसली होती, आणि त्या आईच्या घरचा दाणा स्वतःच्या हाताने जमिनीवर सांडायचा, हे तिच्याने होणार नव्हतं. त्या क्षणी मला कुंपणाशी उभ्या सोमाकडे बघायचा धीर झाला नाही.

मध्यंतराची शिट्टी झाली. सोमा कुंपणावरून मैदानात आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. यमूकडून शिडी मागून घेतली, दोन्ही टोपल्या उतरवल्या, कापलेल्या टोकांवरून अंगठा फिरवला. मग कमरेचा कोयता काढला, शाळेच्या कुंपणातला एक ओला बांबू तोडला आणि मैदानाच्या मधोमध बसून पट्ट्या काढायला लागला.

हेडमास्तर धावत आले. "अरे, अरे, ते संस्थानचं कुंपण आहे!"

"टोपलीबी संस्थानचीच," सोमा म्हणाला आणि विणत राहिला.

वत्सलाबाई पुढे झाल्या. "हे काय चाललं आहे?"

 आणि मग हेडमास्तर, ज्यांना हा खेळ कधीच पटला नव्हता, त्यांनी उपरणं सावरलं, चष्म्याच्या वरून वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे टोपलीला बूड असतं. आपल्याकडे नसतं का?"

वत्सलाबाईंनी सोमाच्या हातातल्या टोपलीकडे वाकून पाहिलं. म्हणाल्या, "असू दे. नियमात बुडाला कुठे मनाई केलेली नाही."

दुसरा डाव जव्हारी पद्धतीने झाला. बुधीने पहिल्याच संधीला चेंडू टोपलीत घातला, तो आत राहिला, आणि पुण्याच्या मुली टोपलीखाली हात पसरून, माना वर करून उभ्या राहिल्या. आमच्या मुली बसल्या. यमू चढली. चेंडू काढून वरूनच तिने लोकांना दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पुण्याच्या मुलीही आमच्या मुलींशेजारी उकिडव्या बसू लागल्या. शेवटी तर त्यांच्या कप्तानबाईने शिडीवर चढायची परवानगी मागितली. यमूने ती दिली नाही.

सामना आम्ही हरलो. पहिल्या डावातलं अंतर फार मोठं होतं. पण बुधीने दुसऱ्या डावात इतक्या वेळा चेंडू टोपलीत घातला, की यमूचे पाय दुखायला लागले.

संध्याकाळी वत्सलाबाई माझ्या खोलीवर चहाला आल्या. मी घाईघाईने सुरू केलं, "बाई, तो पहिला डाव मोजू नका. दुसऱ्या डावात पाहिलंत ना, ती कशी टाकते?"

"दुसरा डाव चांगला होता," त्या म्हणाल्या. "मला पहिला आवडला."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"टोपलीत टाकणाऱ्या मुली मला पुष्कळ मिळतात. तुझ्या त्या मुलीने पहिल्या डावात जेवढे चेंडू दिले, ते घेणारीला हात हलवावा लागला नाही. कुठे शिकली?"

"भाताच्या बांधावर."

त्यांनी मान हलवली. चहा संपवला. उठताना म्हणाल्या, "कापलेली टोकं पांढरी होती. आज सकाळीच कापलीस ना? माझ्यासाठी?"

मी खाली मान घातली.

"तू बालिश आहेस," त्या म्हणाल्या. "मी तुला टोपल्यांवरून चिडवलं होतं, त्याला दोन वर्षं होऊन गेली. एवढ्या क्षुल्लक गोष्टीपायी त्या मुलीचं नशीब पणाला लावलंस." हे त्या अगदी हळू बोलल्या. त्यांच्या मोठ्या आवाजाची मला कधी भीती वाटली नव्हती, त्या हळू आवाजाने मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग दारातून म्हणाल्या, "मुलीला जूनमध्ये पाठव. आणि त्या माणसाची माफी माग."

बुधी जूनमध्ये पुण्याला गेली. मोखाड्याची मागणी परत गेली. त्या माणसांनी मनाला लावून घेतलं नाही, पुढे बुधीच्या चुलतबहिणीला मागणी घातली.

माफी मागायला मी जामसरला गेले. सोमा अंगणात काम करत होता. मी म्हटलं, "चुकलं माझं. शब्द दिला होता, मोडला."  तो उठून घरात गेला आणि एक टोपली घेऊन आला. मला उलटसुलट करून दाखवली. आत एक बूड आणि त्याच्या खाली चार बोटांवर दुसरं.

"घे," तो म्हणाला. "एक कापलास तरी एक ऱ्हाल."

ती टोपली माझ्या स्वयंपाकघरात आहे. कांदे ठेवते. दोन्ही बुडं शाबूत आहेत.

काही वर्षांनी वत्सलाबाईंच्या जागी मी विद्यापीठात आले आणि पुढची सारी नोकरी तिथेच केली. बुधी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. पहिल्याच संध्याकाळी मी खेळ पाहायला गेले आणि पाहते तर चेंडू जाळीतून सुटला की एक मुलगी धावत खाली जाऊन तो ओंजळीत घेत होती. कुठल्याही टोपलीखाली, कुठल्याही मुलीने टाकलेला. चेंडू जमिनीवर पडतच नव्हता.

मी बुधीला विचारलं. तिने सांगितलं, की पुण्याला आल्यावर महिनाभर तिने जाळीत चेंडू टाकलाच नव्हता. वत्सलाबाई ओरडल्या, बाकीच्या मुली हसल्या. मग एक दिवस तिनेच तोड काढली. म्हणाली, "खाली हात धरला म्हंजे बूड झाला, बाई." तिने टाकायचं, मैत्रिणीने ओंजळ धरायची. मैत्रिणीने टाकलं तर हिने धरायची. करता करता साऱ्याच धरू लागल्या. चेंडू लगेच पंचांच्या हातात जायचा, वेळ वाचायचा, म्हणून वत्सलाबाईंनीही चालू दिलं. तज्ज्ञांचं मार्गदर्शन ते एवढंच.

बुधी साखरशेतला परत गेली आणि तिने शाळा काढली. आधी झाडाखाली, मग कुडाच्या भिंतींत. चेंडू पुन्हा हातात घेतला नाही, तिला वेळच नव्हता. मी एकदाच जाऊ शकले. आवणीचे दिवस होते आणि शाळा बंद होती. मास्तरीण बांधावर उभी राहून जुड्या फेकत होती. माझ्या हाताशीही एक जुडी येऊन पडली. आता ती नाही. तिची एखादी चिठ्ठी तरी जपून ठेवायला हवी होती, असं आता फार वाटतं. पुस्तिकेत तिच्या वेळच्या संघाचा फोटो आहे. त्यात ती उभी आहे, डावीकडून तिसरी, आणि खाली छापलं आहे, नाव उपलब्ध नाही. संपादक महाशय, नाव उपलब्ध आहे. मी ते वर पुष्कळदा लिहिलं आहे.

गेल्या महिन्यात मला विद्यापीठात सामन्याला बोलावलं होतं. पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार. मुली चपळ, खेळ वेगाचा, नियमही सगळे बदललेले. आता तीन भाग नाहीत की टोपली पडल्यावर थांबणं नाही. तरीही आमच्या मुलींनी टाकलेला चेंडू जाळीतून सुटला की कुणीतरी खाली ओंजळ धरतच होतं. सामना संपल्यावर एक मुलगी पाया पडायला आली. मी तिला विचारलं, "बाळ, चेंडू तसा का झेलतेस गं? आता तर त्याची गरजही नाही."

ती जरा गोंधळली. तिला हे कधी कुणी विचारलं नसावं.

"पडू देत नाहीत, बाई."

"का?"

तिने खांदे उडवले आणि हसली.

"आमच्यात नाही पडू देत."